थांब्यातली हाक

१

विठाबाई उतेकरणीच्या हाकेचं नाव साऱ्या पंचक्रोशीत होतं. उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावर मूठभर घरांची वाडी, आणि वाडीच्या टोकाला उघडा कातळ. त्या कातळावर उभी राहून, तोंडाशी हात धरून ती हाक मारायची तेव्हा खाली रस्त्यावर एसटीची वाट बघणारी माणसं मान वर करीत नि म्हणत, "विठा पोराला बोलावतेय."

हाक सरळसोट नव्हती. "दीऽऽपा" वर चढत जायचं, अगदी टोकाला पोचलं की चिरायचं आणि त्या चिरेतून "येऽऽ रे" हळूहळू खाली उतरायचं. तिच्या घशातली ती चीर लहानपणच्या कसल्याशा दुखण्यातली होती. वाडीतल्या बायकांनी थट्टेनं कितीदा तिची नक्कल करून पाहिली, पण ती चीर कुणाला जमली नाही. विठाबाई त्यावर हसायची आणि मनातून सुखावायची.

नवरा रामा मुंबईला गोदीत कामाला होता. तिकडेच आजारी पडून गेला तेव्हा दीपेश अजून रांगत होता आणि रंजिता नुकती शाळेत जायला लागली होती. शेळ्या, एक म्हैस आणि उतारावरची नाचणी-वरी यांच्या जिवावर तिनं दोघांना वाढवलं. कोणाच्या दारात गेली नाही. रंजिता शिकली, महाडला चांगल्या घरी पडली. दीपेश मुंबईला गेला, दिवसा कसल्याशा दुकानात लाऊडस्पीकरची दुरुस्ती करू लागला आणि संध्याकाळी गिटार वाजवू लागला.

"दीपेश काय करतो गो हल्ली?" कोणी विचारी.

"वाजवतो."

"काय, ढोलकी?"

"गिटार," विठाबाई म्हणे. हा शब्द ती मामलेदार म्हणावं तसा म्हणायची.

२

त्या साली शिमग्याला दीपेश आला तो पाठीवर काळ्या पिशवीत गिटार आणि हातात टेपरेकॉर्डर घेऊनच. ओटीवर बसून त्यानं टेपमध्ये कॅसेट घातली.

"आमच्या बँडची हाय, आई. पण गाणं आमचं नाय. जुनं विलायती गाणं हाय, माझ्या जन्माआधीचं. जगभर वाजवतात."

"काय म्हणतो त्यात?"

"कोणी बाई घर सोडून गेलीय. तो दारात बसून तिची वाट बघतोय."

"मग रडत कशाला नाय? हा तर ऐटीत गातोय."

"तीच तर गंमत हाय. दुःख ऐटीत सांगायचं. ब्लूज म्हणतात त्याला."

विठाबाईला ते फार पटलं. तिनंही आपलं दुःख कधी रडून सांगितलं नव्हतं.

कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच एक गाणं होतं. एका बाजूला स्टुडिओतलं आणि दुसऱ्या बाजूला लाईव्ह, म्हणजे हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलेलं. मूळ गाणाऱ्या साहेबांचीही अशीच दोन आहेत, दीपेश म्हणाला, आणि त्यातलं कुठलं चांगलं यावरून मुंबईतली पोरं एकमेकांच्या उरावर बसतात. स्टुडिओत भिंतींना गाद्या लावलेल्या असतात. एकेक जण येऊन आपापलं वाजवून जातो, चुकलं तर पुसून पुन्हा. लाईव्ह मात्र एका दमात. चुकलं तर चुकलं.

विठाबाईनं आपल्यापुरती नावं ठेवून टाकली. एक खोलीतलं, एक लोकांतलं.

खोलीतलं तिनं त्या दिवशी पुरतं ऐकलं. निवडलेल्या तांदळासारखं होतं ते, एक खडा नाही. गाण्याच्या मधोमध एक जागा होती. गाणारा एक ओळ सोडून द्यायचा आणि सगळी वाद्यं एकदम बंद पडायची. ढोल नाही, बाजा नाही, काही नाही. आता संपलं असं वाटेपर्यंत ती शांतता राहायची, आणि मग तिच्यातून दीपेशची गिटार एकटी बाहेर पडायची.

"ह्याला स्टॉप म्हणतात," दीपेश म्हणाला.

"म्हणजे थांबा," विठाबाई म्हणाली. "गाडीचा असतो तसा."

"तसाच. स्टुडिओत हा थांबा रिकामा असतो. लाईव्हमध्ये मजा येते. लोक शिट्ट्या मारतात, ओरडतात. ऐक आता."

त्यानं बाजू उलटली, गाणं सुरू झालं, आणि तेवढ्यात ढोल वाजवत ग्रामदेवतेची पालखी दारात आली. टेप बंद करून सगळे अंगणात धावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दीपेश गेला. टेप आणि कॅसेट आईला ठेवून गेला.

३

लोकांतलं गाणं विठाबाईनं ऐकलं ते पुढं काही दिवसांनी, भर दुपारी. शेळ्या समोरच्या उतारावर चरत होत्या. ती ओटीवर बसून वरी पाखडत होती, बाजूला टेप चालू होता.

हे गाणं तेच होतं, पण अंगानं वेगळं होतं. ढोलाची चाल थोडी पळत होती. गाणाऱ्याला दम लागलेला ऐकू येत होता. मागं माणसांची गजबज होती. विठाबाईला हेच जास्त आवडलं. खोलीतल्या गाण्यात तिचा पोरगा हुशार वाटत होता, लोकांतल्यात तो जिवंत वाटत होता. तिचं सूप आपोआप तालावर हलायला लागलं.

मग थांबा आला. वाद्यं बंद पडली. एक शिट्टी वाजली, कोणीतरी खोकलं. आणि लांबून, हॉलच्या पार मागच्या दारातून यावी तशी, हाक आली.

"दीऽऽपा... येऽऽ रे..."

सूप थांबलं. टेपमध्ये गिटार सुरू झाली होती, लोक टाळ्या वाजवत होते. विठाबाईनं बटण दाबून कॅसेट मागं नेली. पुन्हा थांबा, शिट्टी, खोकला आणि हाक. वर चढलेली, टोकाला चिरलेली, चिरेतून खाली उतरलेली.

तिला आधी आनंदच झाला. पोरानं आपली हाक गाण्यात घातली! कधीतरी गुपचूप टेप करून नेली असेल. मग तिच्या लक्षात आलं की दीपेश मुंबईला गेल्यापासून तिनं कातळावर जाऊन हाक मारलीच नव्हती. टेप तर तो ह्या खेपेला पहिल्यांदाच घेऊन आला होता. आणि मुंबईला ती जन्मात गेली नव्हती.

असेल कोणी बाई, तिनं स्वतःला समजावलं. मुंबईत आपल्याकडच्या बाया काय थोड्या आहेत? पोलादपूरची असेल, वरंधकडली असेल. डोंगरातल्या सगळ्याच बाया हाक मारतात.

पण ती चीर?

तिसऱ्यांदा ऐकावं म्हणून तिनं आवाज मोठा केला. हाक संपली आणि अंगणात काहीतरी खुरडलं. तिनं वर पाहिलं. उतारावरच्या सगळ्या शेळ्या चरणं सोडून अंगणात येऊन उभ्या होत्या. माना वर करून त्या टेपकडे बघत होत्या. विठाबाई हातभर अंतरावर बसली होती, तिच्याकडे एकीनंही पाहिलं नाही.

"विठा गो!" खालच्या घरची येसूबाई पिठाचे हात तसेच घेऊन चढावरून आली. "दीपेश आला काय? हाक मारत व्हतीस..."

"नाय," विठाबाई म्हणाली. "टेप लावला व्हता."

"टेपात तू हायस?" येसूबाईचे डोळे विस्फारले. "मुंबईच्या टेपात?"

विठाबाईनं पुन्हा सूप उचललं. येसूबाईनं संध्याकाळपर्यंत वाडीभर बातमी केली की विठाचा आवाज कॅसेटमध्ये आला. लोक कौतुकानं ऐकायला आले. विठाबाईनं चहा केला, कॅसेट लावली, आणि सगळे वाहवा करीत असताना तिची मान अभिमानानं ताठ होती. पण हात पदरात घट्ट धरून ठेवले होते.

४

नाचणीचं पीठ आणि कॅसेट पिशवीत घालून ती महाडला लेकीकडे आली. रंजिताचं घर बाजारपेठेत पहिल्या माळ्यावर होतं, पुढं गल्लीवर उघडणारी गॅलरी. घरात फोन होता. जावई कारखान्यात गेल्यावर रंजितानं दीपेशच्या दुकानाचा नंबर लावून दिला.

"दीपा, त्या लोकांतल्या गाण्यात तुला कोण हाक मारतं रे?"

तिकडे दीपेश सुटल्यासारखा हसला. "म्हणजे तुला पण ऐकू येतं! आमची पोरं बोलतात, पब्लिकमधली कुठली तरी बाई हाय."

"तुला काय वाटलं?"

"मला? मला वाटलं तू आलीस. खरंच. मी बघितलं पण, लाईट डोळ्यावर व्हती, काय दिसलं नाय. पण आई, त्याच्यानंतर जे वाजवलं ना, तसं मी आयुष्यात वाजवलं नव्हतं. बोटं माझी नव्हतीच. स्टुडिओत तोच गिटारचा पीस दहा वेळा घेतला, तसा येत नाय. सगळे तेच बोलतात. स्टुडिओतलं चांगलं हाय, पण लाईव्ह म्हणजे लाईव्ह."

पोरगा इतका खूश तिनं कधी ऐकला नव्हता.

"परत तशी हाक आली," ती शेवटी म्हणाली, "तर ओ देऊ नको."

"ओ कुठं देतो गो? गाणं चालू असतं."

फोन ठेवल्यावर रंजितानं विचारलं, "काय झालं आई? कसली हाक?"

"काय नाय," विठाबाई म्हणाली. "तुजा भाऊ मोठा होतोय."

५

पावसाळा गेला. गणपतीला दीपेश आला नाही, त्याच्या बँडला ठिकठिकाणी बोलावणी येत होती. दिवाळीच्या सुमारास त्यानं कोणाच्या तरी हाती रंजिताकडे नवी कॅसेट पाठवली. पुन्हा तेच गाणं, पुन्हा दोन बाजू. मोठ्या स्टुडिओत नव्यानं केलेलं आणि नव्या कार्यक्रमातलं. उजवा गुडघा दुखत असतानाही विठाबाई मुद्दाम वाडीवरून खाली उतरली. मायलेकी सकाळच्या उन्हात गॅलरीत बसल्या.

खोलीतलं आधी लावलं. थांबा आला तेव्हा विठाबाई पुढं झुकली. सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ शांतता. त्यात कोणाचं पाऊलसुद्धा नव्हतं. तिनं श्वास सोडला.

मग लोकांतलं. ह्या वेळी हाक मागच्या दारातून आली नाही. ती लोकांच्या मधून आली, इतकी जवळून की चिरेच्या आधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. आणि हाक संपताच गिटारनं नेहमीचा पीस सुरू केला नाही. आधी तिनं तीनच सूर काढले, शेवटचा थोडा लांबवलेला.

विठाबाईनं ते ओळखले. लहानपणी पलीकडच्या डोंगरावरून दीपेश असाच ओ द्यायचा. आऽलो गो.

रंजितानं टेप बंद केला. गल्लीतून हातगाडी गेली, तिचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहिला.

"स्टेजजवळ कुणीतरी बाई उभी असणार," रंजिता म्हणाली. ती पदवीधर होती, कुठल्याही गोष्टीचा छडा लावायची तिला सवय. "कार्यक्रमाला शंभर तऱ्हेची माणसं येतात. दीपेशचं नाव माहीत असेल, गंमत म्हणून ओरडली असेल. आणि टेपवर आवाज बदलतो, आई. पातळ होतो. कुणाचाही कुणासारखा वाटतो."

"रंजे," विठाबाई म्हणाली, "तुज्या आईचा आवाज तुला कळत नाय?"

"कळतो ना," रंजिता हळूच म्हणाली. "म्हणून तर बंद केला."

त्या दिवशी दीपेशचा फोन आला तेव्हा तो धापा टाकतच बोलत होता. लाईव्हच्या कॅसेटच्या कॉप्या निघतायत. एका मासिकात चार ओळी छापून आल्या, आमच्या दोन्ही गाण्यांची तुलना करून. लिहिणाऱ्यानं म्हटलंय की स्टुडिओतली गिटार शिकलेली आहे आणि लाईव्हमधली कुणीतरी बोलावल्यासारखी. "आणि ऐक आई, आता आम्हाला महाडला बोलावलंय! तुझ्या गावाजवळ! तू पहिल्या रांगेत बसायचं."

विठाबाईचा ऊर भरून आला. आणि त्याच उरात काहीतरी टोचत राहिलं. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. उन्हातान्हात, पावसात, ताप असताना कातळावर उभी राहून ज्या हाकेनं तिनं ह्या पोराला वाढवलं, ती हाक दुसरंच कुणीतरी वापरत होतं. आणि पोरगा त्या हाकेवर मोठा होत होता.

"येते," ती म्हणाली. "बघतेच मी."

६

महाडातल्या एका मंडळाचा कार्यक्रम होता. मैदानात मांडव, फळ्यांचं स्टेज, दोन्ही बाजूंना कनाती, एका अंगाला जनरेटर. दिवस मावळत होता आणि मांडवातले दिवे अजून फिके दिसत होते. रंजितानं आपल्या लग्नात आईला हट्टानं घेतलेलं हिरवं नऊवारी विठाबाईनं नेसलं होतं. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर ती बसली, शेजारी रंजिता. दीपेशनं स्वतः येऊन टेपरेकॉर्डर तिच्या मांडीवर ठेवला.

"आजचं रेकॉर्डिंग तू करायचं, आई. हलवू नको. रंजिता बटण दाबेल."

"आपल्या पोलादपूर तालुक्याचे सुपुत्र," माईकवरचा माणूस म्हणाला, "दीपेश रामा उतेकर!" टाळ्या पडल्या. रामाचं नाव इतक्या मोठ्यांदा पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. विठाबाईनं पदरानं डोळे टिपले.

लोक आले होते हिंदी गाणी ऐकायला. बँडनं ती वाजवली, पोरं नाचली. मग दीपेश पुढं आला आणि त्यानं ते गाणं सुरू केलं. आधी लोक चुळबुळले. पण त्या चालीत काहीतरी होतं. मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनी मान डोलवायला सुरुवात केली, कुणी मांडीवर ठेका धरला. दीपेश मान खाली घालून वाजवत होता, रामाची दाट भुवई, तिच्या बापाचं नाक. हा माझा, विठाबाई मनात म्हणत होती. हा माझा.

थांबा जवळ आला. तिला आता त्या गाण्याचा रस्ता पाठ होता. तिनं ठरवलं होतं. ह्या खेपेला कोणी हाक मारायच्या आधी आपणच मारायची. आईची हाक आहे ती, आईनंच मारायची.

वाद्यं बंद पडली.

आणि तेव्हाच तिला ती दिसली. स्टेजच्या पलीकडच्या अंगाला, कनातीला लागून काही बायका उभ्या होत्या. त्यांच्यात एक पाठमोरी. हिरवं नऊवारी, डोक्यावरून पदर. उजवा गुडघा दुखणाऱ्या बाईनं उभं राहावं तशी सगळा भार डाव्या पायावर टाकून. पाठमोरी असली तरी तिचा एक हात सावकाश वर जाताना दिसत होता, तोंडाशी.

विठाबाई ताडकन उठली. टेप एका हातानं पोटाशी धरला, दुसरा हात तोंडाशी नेला आणि कातळावर कधी मारली नसेल अशी हाक मारली. घसा फाटला. चीर अख्ख्या मांडवातून गेली.

लोक चमकून वळले. कोणी हसलं, कोणी शिट्टी मारली. दीपेशनं मान वर केली. आधी त्यानं कनातीकडे पाहिलं. विठाबाईनं ते पाहिलं. त्या एका क्षणात त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, शाळेतून येणाऱ्या पोराचं. मग त्याची मान सावकाश वळली, तो आईकडे बघून तसाच हसला, आणि गिटार सुरू झाली.

त्या संध्याकाळी तो जे वाजवून गेला त्याबद्दल महाडात पुढं कितीतरी दिवस लोक बोलत होते. विठाबाईला त्यातलं थोडंच आठवतं. रंजिता तिचा पदर ओढून खाली बस म्हणत होती. कनातीपाशी आता तीनच बायका होत्या, तिघी अनोळखी, तिघींच्या अंगावर पाचवारी साड्या. गाणं संपल्यावर दीपेश स्टेजवरून उडी मारून आला आणि सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला.

"कुणाची आई ती?" मागं कोणीतरी विचारत होतं.

"त्याचीच. हाक ऐकलीस ना?"

जिंकले, विठाबाईला वाटलं. ती ताठ चालत लेकीच्या घरी गेली.

७

सकाळी चहाबरोबर टेप लावला. दीपेशची पिशवी भरून दारात तयार होती, मुंबईची गाडी गाठायची होती. तो भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता. रंजिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

टेप मांडीवर असल्यामुळे जवळचं सगळं स्वच्छ आलं होतं. खुर्चीची कुरकुर. विठाबाईच्या बांगड्या. तिचा खोकला. रंजितानं शेजारच्या बाईला हळूच सांगितलेलं, "माझा भाऊ आहे." त्याच्या पलीकडे, मोठं आणि भरलेलं, गाणं.

थांबा आला.

बांगड्या वाजल्या, जवळच. खुर्ची मागं सरकली. ती उठली तेव्हाची.

मग काही नाही.

मग लांबून, स्टेजच्या पलीकडच्या अंगानं, हाक आली. चढली, चिरली, उतरली. लोक हसले, शिट्टी वाजली, गिटारनं ओ दिली. आणि टेपच्या अगदी तोंडाशी रंजिताचा आवाज, घाबराघुबरा, "आई, काय हे! बस ना खाली!"

विठाबाई टेपकडे बघत राहिली. तो तिच्या पोटाशी होता. तिची हाक त्याच्यापासून वीतभर अंतरावर सुटली होती. बांगड्या आल्या, खुर्ची आली, खाली बस म्हणणारी लेक आली. हाक तेवढी आली नव्हती.

रंजितानं हातातली कपबशी ओट्यावर ठेवून दिली. तिला कळलं होतं.

"बघ," दीपेश डोळे न उघडता म्हणाला. त्याचा चेहरा अभिमानानं उजळला होता. "स्टुडिओत हे कधी येणार नाय. कसली हाक मारलीस आई! आणि कशी लांबून येते बघ, डोंगरावरून आल्यासारखी."

"दीपा..." विठाबाई म्हणाली.

तो ऐकत होता. टेपमध्ये.

८

तो निघाला तेव्हा तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. त्यानं वाकून नमस्कार केला, गिटार पाठीवर घेतली नि जिना उतरला. रंजिता कपबश्या घेऊन आत गेली. विठाबाई गॅलरीत आली.

गल्ली नुकती जागी होत होती. दुकानांच्या फळ्या निघत होत्या, दूधवाल्याची सायकल भिंतीला टेकलेली. दीपेश मधोमध चालत होता, पाठ ताठ, गिटारची काळी पिशवी खांद्यावर. पानवाल्यानं त्याला हात केला, फळ्या काढणारा एक जण थांबून बघत राहिला. काल रात्रीपासून ह्या गावाला तो माहीत झाला होता. एवढ्या भीतीतही विठाबाईला वाटून गेलं, काय देखणा चालतोय माझा लेक.

तिनं कठडा धरला. तोंडाशी हात नेला. एकदा बघायचंच. एकदाच. पोटातून श्वास घेतला आणि हाक मारली.

घशातली चीर तिला जाणवली. आवाज फुटून बाहेर पडल्याचं छातीला कळलं. खाली दूधवाला कॅन बांधत राहिला. पानवाल्यानं मान वर केली नाही. कठड्यावर बसलेलं कबुतर हललं नाही.

दीपेश मात्र थांबला.

तो मागं वळला नाही. उजव्या हाताला नदीकडे उतरणारी एक अरुंद बोळ होती. तो तिकडे बघत होता. त्यानं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. एसटी स्टँड डावीकडे होता. खांद्यावरची गिटार सावरून तो उजवीकडे वळला.

"आऽलो गो!" त्याचा आवाज गल्लीभर घुमला. दूधवाल्यानं वर पाहिलं.

बोळीच्या तोंडाशी हिरव्या लुगड्याचा काठ दिसला, तेवढाच. मग तोही भिंतीआड गेला आणि त्याच्यामागून दीपेश.

आतून नळाचा आवाज बंद झाला. ओले हात पदराला पुसत रंजिता गॅलरीच्या दारापर्यंत आली. कठड्याला धरून उभ्या असलेल्या आईच्या खांद्यावरून, मधे कोणी नसल्यासारखं, तिनं खाली बोळीकडे पाहिलं. तिथं हिरवा पदर पुन्हा दिसत होता.

"आई," तिनं हाक मारली, "अगं, तू खाली कधी गेलीस?"

विठाबाईनं ओ दिली.

रंजितानं खाली बोळीकडे बघतच, आवाज चढवून पुन्हा विचारलं.